गोष्टीपुढचं अंगण

बालमित्रांनो, आधी एक गंमत करून पाहा. तुमचं भाषेचं पाठ्यपुस्तक घ्या आणि कोणताही एक धडा जिथं सुरू होतो ते पान उघडा. आता पट्टीनं मोजा. पानाच्या वरच्या कडेपासून धड्याची पहिली ओळ किती सेंटिमीटर खाली आहे? मग त्याच धड्याचं दुसरं पान मोजा. पहिल्या पानावर मजकूर बराच खाली सुरू झालेला दिसेल. वर धड्याचा क्रमांक असेल, नाव असेल, एखादं चित्र असेल आणि थोडी जागा नुसतीच कोरी असेल.

ती कोरी जागा कुणी सोडली? का सोडली? मी डी.एड. झाले, बारा वर्षं मुलांना शिकवलं, रोज पुस्तकं हाताळली. पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तो पडला आमच्या वर्गातल्या एका मुलीमुळे. त्याचीच ही हकिकत.

मी चिकलठाण्याला शिकवते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद. तिथून जालना रस्त्यानं पूर्वेकडं निघालं की चिकलठाणा लागतं. इथं विमानतळ आहे आणि एमआयडीसीही. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील तिथल्या कंपन्यांत कामाला जातात. विमान डोक्यावरून गेलं की वर्गात कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. म्हणून आम्ही एक नियमच केला आहे. वाचणाऱ्यानं थांबायचं, आवाज विरला की एक श्वास घ्यायचा आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. हा नियम लक्षात ठेवा. शेवटी त्याचं काम आहे.

दरवर्षी आम्ही मुलांच्या गोष्टींचं हस्तलिखित काढायचो. २०२३-२४ साली मुलांनी हट्ट धरला, "मॅडम, या वर्षी छापायचं. खरं पुस्तक!" तेवीस मुलं, तेवीस गोष्टी. पालकांनी जमेल तशी वर्गणी दिली. कुणी पन्नास दिले, कुणी दोनशे. मी पैसे घेऊन शहरातल्या एका छापखान्यात गेले. तिथल्या काकांनी हिशेब समजावून सांगितला. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं छापतात. त्याला म्हणतात फर्मा. तुम्हीसुद्धा एक कागद घेऊन तीनदा घडी घाला आणि कडा फाडा. आठ कागद होतील, म्हणजेच सोळा पानं. आमच्या पैशांत बसत होते बरोबर चार फर्मे. चार गुणिले सोळा म्हणजे चौसष्ट पानं. त्यापुढं एक जरी पान गेलं तरी जास्तीचे पैसे.

पानांची मांडणी मी स्वतःच करायची ठरवली. तेवढाच खर्च वाचेल! शाळेच्या संगणकावर सगळ्या गोष्टी टाइप केल्या. मनाशी एकच नियम केला, जागा वाया घालवायची नाही. लोकांच्या कष्टाचे पैसे आहेत. एक गोष्ट संपली की लगेच एक ओळ सोडून दुसरीचं नाव, की लागली गोष्ट सुरू. समास, म्हणजे पानाच्या चारी बाजूंची कोरी पट्टीही, बारीकच ठेवली. तेवीस गोष्टी पन्नास पानांत बसल्या. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं.

नमुन्याची प्रत वर्गात आणली त्या दिवशी केवढा गोंधळ! प्रत्येकाला आपली गोष्ट आधी पाहायची होती. पुस्तक हातोहात फिरत फिरत मागच्या बाकावरच्या एका मुलीकडं गेलं.

या मुलीबद्दल थोडं सांगायला हवं. आईवडील कामाच्या शोधात गावं बदलत आले. चौथीपर्यंत तिच्या तीन शाळा झाल्या होत्या. ती आमच्याकडं आली तेव्हा तिला जोडाक्षरं येत नव्हती. ओळ वाचताना बोट ठेवावं लागे. बोट सुटलं की ओळ हरवायची. पण तिनं चिकाटी सोडली नाही. तिची गोष्ट होती अकरा ओळींची. 'आमची शेळी आणि विमान' हे तिचं नाव. विमानाच्या आवाजाला घाबरून शेळी दावं तोडून पळाली आणि शेजाऱ्यांच्या घरात जाऊन बसली, अशी ती खरी घडलेली गोष्ट. कुणाचीही मदत न घेता तिनं लिहिलेलं ते पहिलंच लिखाण.

ती एकेक पान उलटत होती. प्रत्येक पानाच्या वरच्या भागावर बोट ठेवायची, पाहायची, पुढं जायची. शेवटच्या पानापर्यंत गेली. मग पुस्तक मिटून माझ्याकडं आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, माझी गोष्ट घेतली नाही का?"

"घेतली की गं!" मी पान काढून दाखवलं. सदतिसावं पान. वरची सगळी जागा एका राजाच्या गोष्टीनं व्यापलेली. ती संपल्यावर अगदी तळाला, शेवटच्या ओळीत, हिच्या गोष्टीचं नाव. गोष्ट मात्र पान उलटल्यावर, मागच्या बाजूला. नाव इकडं आणि गोष्ट तिकडं!

ती बघत राहिली. मग म्हणाली, "हे तर त्याच्याच गोष्टीत आलंय."

एवढ्यावर भागलं नाही. दुपारी एक मुलगा मोठ्यानं वाचत होता. राजाची गोष्ट संपली हे त्याच्या लक्षातच आलं नाही. तळाचं नाव नजरेतून सुटलं, त्यानं पान उलटलं आणि तसाच पुढं वाचत गेला. राजानं दवंडी पिटवली आणि शेळी दावं तोडून पळाली! वर्ग हसून हसून लोळला. "राजाची शेळी, राजाची शेळी" असं चिडवणं सुरू झालं. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी 'कोण वाचणार?' असं मी विचारलं, तेव्हा रोज वर जाणारा तिचा हात खालीच राहिला.

मला फार वाईट वाटलं. मुलं हसली ती माझ्या चुकीला, आणि भोगावं लागलं तिला.

त्या रात्री मला माझे आजोबा आठवले. आजोबा गुलमंडीच्या बाजूला एका छापखान्यात अक्षरजुळणी करायचे. तेव्हा संगणक नव्हते. धातूचे खिळे असायचे. शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणातून ओतलेले हे खिळे. प्रत्येकाच्या टोकाला एक उलटं अक्षर. लाकडी खणांतून एकेक खिळा उचलायचा आणि ओळ जुळवायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी मूठभर खिळे एका डब्यात जपून ठेवले होते. लहानपणी मी त्यांच्याशी खेळायची. त्यात काही तुकडे असे होते की त्यांच्यावर अक्षरच नव्हतं.

"आबा, हे फुकट गेलेले आहेत का?" मी विचारलं होतं.

आबा हसले. म्हणाले, "हे कोऱ्या जागेचे आहेत. पानात जिथं काही छापायचं नाही, तिथं पण हे बसवावे लागतात. नाहीतर सगळे खिळे ढिले होऊन पान सांडतं. कोरी जागा आपोआप राहत नसती बाळा, ती बसवावी लागती."

ते तुकडे अक्षरांच्या खिळ्यांपेक्षा उंचीला थोडे कमी असतात, म्हणून त्यांना शाई लागत नाही. कागदावर त्यांचं काहीच दिसत नाही. पण पान उभं असतं ते त्यांच्याही आधारानं. आबांचं हे बोलणं मला लहानपणी कळलं नव्हतं. मोठी झाल्यावर, संगणकासमोर बसले असताना कळलं. मी सगळी अक्षरं बसवली होती, कोरी जागा मात्र बसवलीच नव्हती!

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगून टाकलं, "मुलांनो, पुस्तक मांडताना माझं चुकलंय. आता आपण सगळे मिळून दुरुस्त करू." मुलं एकदम शांत झाली. मॅडम चुकतात हे त्यांना नवीनच होतं!

आम्ही जुन्यापासून सुरुवात केली. एका आजीकडून मुलांनी पोथी पाहायला आणली. पोथीची पानं आडवी, लांबट आणि सुटी. हातानं लिहिलेल्या जुन्या पोथ्यांत तर गंमतच असे. अध्याय संपला की तो कितवा, कोणत्या ग्रंथाचा, हे शेवटी सांगायचं आणि बहुतेक वेळा त्याच पानावर पुढचा अध्याय सुरू करायचा. शब्दांच्या मधेही जागा नसायची. वाचणाऱ्याला कळावं म्हणून उभे दंड द्यायचे, कधी लाल रंगानं खूण करायची.

"मग मॅडम, ते पण तुमच्यासारखंच करायचे!" एक जण म्हणाला.

खरंच होतं ते. पण त्यांचं कारण वेगळं होतं. कागद हातानं बनायचा आणि महाग पडायचा. आपल्या जिल्ह्यात, दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे. हातकागद बनवणाऱ्या कारागिरांवरूनच त्याला हे नाव पडलं. चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, त्यांचा लगदा करायचा, तो जाळीवर उचलायचा, वाळवायचा, घोटून गुळगुळीत करायचा. इतक्या कष्टानं झालेला कागद कोण कोरा सोडणार? शिवाय पोथी वाचणारा बहुधा एकच असे आणि बाकीचे ऐकत. अध्याय संपला हे ऐकणाऱ्यांना त्याच्या आवाजावरून कळायचं. आपलं पुस्तक मात्र प्रत्येक जण एकटा, मनातल्या मनात वाचतो. तिथं थांबायला कोण सांगणार? ते काम पानालाच करावं लागतं.

मग मी मुलांना जर्मनीतल्या गुटेनबर्गची गोष्ट सांगितली. त्यानं १४५५ च्या सुमारास खिळ्यांनी बायबल छापलं. प्रत्येक पानावर दोन रकाने आणि बहुतेक पानांवर एका रकान्यात बेचाळीस ओळी. पण प्रकरण जिथं सुरू होई, तिथलं पहिलं अक्षर त्यानं छापलंच नाही! तेवढी जागा कोरी सोडली. छापून झाल्यावर चित्रकार तिथं हातानं रंगीत अक्षर काढायचे. त्यामुळे एकाच छापखान्यातली पुस्तकं, पण प्रत्येकाची सजावट निराळी.

आपल्याकडं मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापलं. पुढं छापील पुस्तकं वाढली आणि हळूहळू प्रकरणाचं नाव सुरुवातीला, ठळक, मधोमध येऊन बसलं. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकात तर प्रकरणांना प्रकरण म्हटलेलंच नाही. तिथं आहेत रात्री, कारण श्याम रोज रात्री एकेक आठवण सांगतो. म्हणजे प्रकरणाचं नाव वाचलं की आपण तिथं जाऊनच बसतो. मुलांना हे फार आवडलं.

"आपल्या गोष्टींना काय म्हणायचं?" मी विचारलं.

बरीच भवति न भवति झाली. शेवटी एकीनं सुचवलं, "घर म्हणू. घर पहिलं, घर दुसरं. सगळ्या गोष्टी आपापल्या घरातल्याच आहेत." लगेच दुसरा म्हणाला, "मग मॅडम, घरापुढं अंगण पाहिजे. एकदम दारात कसं जायचं?"

झालं! गोष्टीच्या नावाभोवतीच्या कोऱ्या जागेला आमच्या वर्गात 'अंगण' हे नाव पडलं आणि पुस्तकाला 'तेवीस घरं'.

मुलांनी पट्ट्या काढल्या. १९६७ साली पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झालं. तेव्हापासून आपण ज्यांना 'बालभारती' म्हणतो ती पुस्तकं घराघरात आहेत. मुलांनी आपली पुस्तकं आणलीच, शिवाय आईबाबांची, काकांची जुनी पुस्तकंही शोधून आणली. मोजमाप झालं, फळ्यावर लिहिलं गेलं आणि आमचे नियम ठरले.

प्रत्येक गोष्ट नव्या पानावर सुरू करायची. पानाचा वरचा तिसरा हिस्सा अंगणाचा. सगळ्या घरांचं अंगण सारखंच, कुणाचं लहानमोठं नाही. नाव कधीही पानाच्या तळाला एकटं सोडायचं नाही. परिच्छेदाची एकच ओळ पुढच्या पानावर ढकलायची नाही, बिचारी एकटी पडते. बांधणीकडचा समास रुंद ठेवायचा, नाहीतर अक्षरं शिवणीत जातात. ओळींतही मोकळीक हवी. इंग्रजीपेक्षा मराठीला ती जास्त लागते. आपल्या वेलांट्या आणि मात्रा वर जातात, उकार खाली उतरतात. वरच्या ओळीत 'गुरू' आणि त्याच्या बरोबर खाली 'मैत्री' आलं की उकार आणि मात्रा एकमेकांत अडकतात. म्हणून अक्षर चौदा पॉइंटचं, पण ओळ वीस पॉइंटची. (बहात्तर पॉइंट म्हणजे एक इंच.)

मग एक फजितीही झाली. इंग्रजी पुस्तकांत प्रकरणाचं पहिलं अक्षर मोठं असतं, तसं आपणही करू, असं मला वाटलं. एक गोष्ट 'किती' या शब्दानं सुरू होत होती. संगणकाला 'पहिलं अक्षर मोठं कर' अशी आज्ञा दिली. त्यानं काय मोठं केलं असेल? फक्त वेलांटी! शाळेच्या संगणकावरच्या जुन्या फाँटमधे पहिली वेलांटी आधी आणि 'क' नंतर टाइप होतो. त्यामुळे संगणकाच्या लेखी वेलांटी हेच पहिलं अक्षर. पानावर एक भलीमोठी वेलांटी छत्रीच्या दांड्यासारखी उभी आणि तिच्यापुढं एवढासा 'क'! मुलं पोट धरून हसली. आपलं अक्षर एकटं नसतं, ते आपल्या काना-मात्रा-वेलांट्यांचं बिऱ्हाड घेऊन येतं. मोठं करायचं तर सगळं बिऱ्हाड मोठं करायला हवं आणि मोठ्या अक्षराची शिरोरेषा ओळीच्या शिरोरेषेला जुळायला हवी. आम्ही तो नाद सोडला. त्याऐवजी अंगणात एक रिकामी चौकट ठेवली. गुटेनबर्गसारखीच! ज्याच्या हातात पुस्तक येईल त्यानं गोष्ट वाचून तिथं आपलं चित्र काढायचं.

आता राहिला खरा प्रश्न. नव्या मांडणीत गोष्टींना पन्नासऐवजी एकोणसाठ पानं लागत होती. नऊ पानं आणायची कुठून? पाचव्या फर्म्याचे पैसे नव्हते.

गणिताच्या तासाला फळ्यावर हिशेब मांडला. मुखपान, माहितीचं पान आणि अनुक्रमणिका मिळून चार पानं. ती हवीतच. पाहुण्यांचे शुभसंदेश सहा पानं. आणि माझं मनोगत चार पानं.

वर्ग फळ्याकडं बघत राहिला. मग मागून आवाज आला, "मॅडम, तुमचं मनोगत कोण वाचणार ओ?"

खरं सांगते, मला आधी राग आला. चार रात्री जागून लिहिलं होतं मी ते! पण फळ्यावरचे आकडे डोळ्यांसमोर होते. माझी चार पानं होती, आणि एका मुलीच्या गोष्टीला एक ओळीचं अंगणसुद्धा नव्हतं. मी मनोगत एका पानावर आणलं. तीन पानं मिळाली. सहा शुभसंदेशांचा प्रश्न अवघड होता. संदेश पाठवणारी माणसं मोठी. मुख्याध्यापक सरांकडं भीतभीतच गेले. त्यांनी दोन्ही नमुने शेजारीशेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाले, "सगळ्यांची नावं आभारात घ्या. मी त्यांच्याशी बोलतो." झाली नऊ पानं! पुस्तक पुन्हा बरोबर चौसष्ट पानांचं.

२०२४ च्या मार्चमधे पुस्तक छापून आलं. प्रकाशन शाळेच्या पटांगणातच झालं. ज्याला वाटेल त्यानं आपली गोष्ट वाचायची, असं ठरलं होतं. मी मुद्दामच कुणाचं नाव पुकारलं नाही.

सहा-सात मुलं वाचून गेली. मग ती उठली. पुढं आली आणि तिनं पुस्तक उघडलं. या वेळी शोधावं लागलं नाही. पान उलटत गेली, वरती आपलं नाव दिसलं आणि थांबली. तिनं चौकटीत शेळी आधीच काढून ठेवली होती. चारही पाय हवेत असलेली. ती वाचायला तोंड उघडणार एवढ्यात डोक्यावरून विमान आलं. सगळं पटांगण थांबलं. तिचे आईवडील मागच्या रांगेत उभे होते. माझ्या पोटात गोळा आला. आता ही गडबडणार!

पण ती गडबडली नाही. बोट पहिल्या ओळीवर ठेवून उभी राहिली. आवाज विरला, तिनं एक श्वास घेतला आणि अकराच्या अकरा ओळी वाचल्या. दोनदा अडखळली, पण ओळ एकदाही हरवली नाही. शेळी शेजाऱ्यांच्या घरात शिरली तिथं सगळे हसले, आणि या वेळी तीही हसली.

मुलांनो, तुम्हीही आपल्या गोष्टींचं, सहलीच्या वर्णनाचं पुस्तक जरूर करा. वहीचे कागद शिवून केलं तरी चालेल. मांडणी करताना जागा पुरेनाशी झाली तर काय कमी करायचं, याचा विचार सगळ्यांनी मिळून करा. फक्त कुणाचं अंगण घेऊ नका.

आणि हो, तुमच्या पाठ्यपुस्तकात किती सेंटिमीटर भरलं? मोजलंत ना?